घट्ट मुठीच्या बाजूने

घोडेस्वारीच्या जगात सध्या एक चिंताजनक मत जोर धरू लागले आहे. हात हलके ठेवा, खांदे सैल सोडा, लगाम बोटांत नुसता असू द्या, असा उपदेश शिकवणारे करतात, पशुवैद्य करतात आणि दुर्दैवाने काही उत्तम स्वारही करतात. याउलट घट्ट मूठ, ताठ कोपर आणि अंगाचा सगळा भार लगामावर, ही आपली परंपरागत पद्धत लग्नाच्या वरातीपासून थंड हवेच्या ठिकाणांपर्यंत कोणीही न शिकवता टिकून आहे. तिची बाजू मांडायला मात्र कोणी पुढे येत नाही. सार्वजनिक हिताची एवढी मोठी गोष्ट वकिलावाचून राहू नये, म्हणून हे लिहिणे आवश्यक झाले.

या पद्धतीचा पहिला गुण असा की ती सर्वांना समान संधी देते. माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून दस्तुरी नाक्यावर उतरलेले कितीतरी लोक आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसतात. शिक्षण म्हणून त्यांना एवढेच पुरते, की डावीकडे वळायचे तर डावी वादी ओढा, उजवीकडे वळायचे तर उजवी, आणि थांबायचे तर दोन्ही. माणूस लगेच स्वार होतो. व्हिएन्नातील स्पॅनिश रायडिंग स्कूलची रीत वेगळी आहे. तिथे नव्या विद्यार्थ्याला लांब दोरावर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात, तेही लगाम आणि रिकिबीवाचून. कंबर घोड्याच्या चालीशी जुळली, तोल सांभाळायला हातांची गरज उरली नाही, म्हणजे मगच लगाम हाती मिळतो. यात महिनेच्या महिने जातात. आपण तीन सूचनांत उरकतो त्या कामाला इतका काळ लावणारी ही संस्था सोळाव्या शतकापासून चालू आहे. यावरून युरोपात वेळ किती मुबलक आहे, एवढेच सिद्ध होते.

दुसरा गुण सुरक्षिततेचा. घोडा दुडकीला लागला की नवखा स्वार खोगिरावर उसळू लागतो, आणि उसळणाऱ्या माणसाला धरायला काहीतरी हवे असते. लोकलच्या डब्यात उभ्या प्रवाशाला जशी डोक्यावरची कडी, तसा या स्वाराला लगाम. दोन्हींत फरक एवढाच, की लगामाचे दुसरे टोक कोणाच्या तरी तोंडात असते. ज्याच्या तोंडात ते असते त्याला बोलता येत नसल्यामुळे या सोयीविरुद्ध आजवर एकही लेखी तक्रार आलेली नाही. विरोधक सुचवतात, की घोड्याच्या मानेभोवती एक पट्टा बांधावा आणि तोल गेला की नवख्याने तो धरावा, नाहीतर सरळ आयाळ धरावी. जुन्या वादीचा तुकडाही या कामाला पुरतो, हे मान्य आहे. पण पट्टा धरलेला माणूस छायाचित्रात शिकाऊ दिसतो, आणि दोन्ही हातांनी लगाम खेचणारा सेनापती दिसतो. पर्यटकाने पैसे कशासाठी मोजलेले असतात याचाही विचार व्हायला हवा.

आता घोड्याच्या तोंडाविषयी, कारण विरोधकांचा सगळा भर तिथेच असतो. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये खालच्या जबड्यावर मोकळी जागा असते. नरांत तिथे एखादा सुळा असतो, एरवी नुसती हिरडी. तिची कातडी पातळ आणि लगेच खाली जबड्याच्या हाडाची कड. लगामाचा लोखंडी दांडा जिभेवर आणि याच जागेवर टेकतो. पाठीवर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवणारे हे जनावर. त्याच्या तोंडातल्या हळव्या जागी लोखंड टेकवल्यावर त्याला काय काय कळत असेल, याची कल्पना करता येते. शिवाय जिभेच्या मुळाशी असलेले हाड मानेखालून जाणाऱ्या स्नायूंनी छातीशी आणि खांद्याशी जोडलेले आहे. जीभ दाबली गेली की मान आखडते, मानेमागोमाग पाठ आखडते, आणि पावले आखूड पडू लागतात. विरोधकांना यात इशारा दिसतो. घट्ट मुठीच्या समर्थकांनी यात निसर्गाची दूरदृष्टी पाहावी. चारशे-पाचशे किलोच्या जनावराच्या तोंडात त्याने नेमकी अशी एक जागा राखून ठेवली, आणि आपले लोखंड नीट बसावे म्हणून तिथल्या दाढाही मागे सारल्या.

निसर्गाने जे कमी ठेवले ते कारागिरांनी भरून काढले. साधा लगाम जेवढा ओढाल तेवढाच लागतो. दोन्ही बाजूंना लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेला लगाम मात्र तरफेसारखा चालतो. खालची दांडी वरच्या भागापेक्षा जितकी लांब, तितका हाताचा दाब वाढून जबड्यापर्यंत पोचतो. असा लगाम मुरलेल्या स्वारासाठी असतो. त्याला करंगळी मिटली तरी पुरते, आणि म्हणूनच त्याच्या हातात ही तरफ निरुपद्रवी असते. तेच हत्यार आपण पहिल्या दिवशीच्या माणसाच्या हाती देतो. अनुभवी माणसाला मिळणारी सत्ता अननुभवी माणसाला मिळू नये, असे म्हणणे आजच्या काळात शोभणारे नाही.

तिसरा गुण आर्थिक आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. सतत ओढलेल्या लगामाची घोड्याला सवय होते. दाब कधी संपतच नाही म्हटल्यावर त्या दाबाला काही अर्थ उरत नाही. तो दात आवळतो, मान पुढे ताणतो आणि लगामावर भार टाकून चालू लागतो. अशा घोड्याला आपण मुजोर म्हणतो. मुजोर घोड्याला जास्त कडक लगाम लागतो, कडक लगामाने तो जास्त मुजोर होतो, आणि मग त्याहूनही कडक लगाम आणावा लागतो. मागणीच मागणीला जन्म देते, असा व्यवसाय दुसरा क्वचित सापडेल. हलक्या हाताचा स्वार एका साध्या लगामावर वर्षानुवर्षे काढतो. त्याच्या भरवशावर बाजारपेठा उभ्या राहत नसतात.

या शिडीच्या वरच्या पायरीवर काटेरी लगाम येतो. वरातीच्या घोड्याला तो का लागतो, हे समजून घेतले पाहिजे. घोडा धोका दिसला की पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याच्या कानाशी ताशा आणि डीजे, पायांशी फटाक्यांची माळ, डोळ्यांवर दिव्यांचा झोत, आणि पाठीवर जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला, फेट्याचे टोक सावरणारा नवरदेव. इतक्या गोष्टी बदलण्यापेक्षा घोड्याच्या तोंडातली एक गोष्ट बदलणे केव्हाही सोपे. तक्रार करायला जागाच नाही असेही नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ पासून केंद्रीय नियम आहेत, आणि काटे, गाठी किंवा टोके असलेल्या लगामाला त्यांत स्पष्ट मनाई आहे. ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम झाले, त्यात जनावराला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत दंड आहे. वरातीत नवरदेवावरून ओवाळून टाकायची रक्कम याहून मोठी असते. सहा दशकांत सगळ्याच वस्तूंचे भाव वाढले, पण क्रौर्य सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवण्याची शासनाची काळजी तशीच राहिली, याची कृतज्ञ नोंद घ्यायला हवी.

एक अडचण उरते. तोंडात दुखले की घोडा तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, मुंडी वर फेकतो. बघणाऱ्यांना ते बरे दिसत नाही. यावर उपाय म्हणून नाकावरून आणि जबड्याखालून जाणारा पट्टा आवळून तोंडच बंद करतात. या पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत, असा जुना दंडक आहे. पण दोन बोटांच्या फटीतून घोड्याला बरेच काही सांगता येते. पट्टा पुरेसा आवळला की घोडा समाधानी दिसू लागतो. तक्रार मिटवण्याची ही तऱ्हा केवळ पागेतच वापरात आहे असे कोणी समजू नये. ज्यांना माणसांचा कारभार पाहावा लागतो त्यांनाही तिची उपयुक्तता ठाऊक आहे.

विरोधकांचा मुख्य मुद्दा आता प्रामाणिकपणे मांडायला हवा. त्यांचे म्हणणे असे, की घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. तुम्ही बोटे मिटलीत, घोडा किंचित थबकला, आणि त्याच क्षणी तुमची बोटे उघडली, तर थांबणे म्हणजे सुटका हे त्याला उमगते. पुढच्या वेळी अर्ध्या दाबाने काम होते, त्याच्या पुढच्या वेळी नुसत्या श्वासाने. उलट तो थांबला तरी तुमची मूठ आवळलेलीच राहिली, तर आज्ञा पाळल्याचे फळ आणि आज्ञा मोडल्याची शिक्षा त्याला एकच वाटते, आणि विचारी प्राणी असल्यामुळे तो पाळणे सोडून देतो. मुद्दा तर्काला धरून आहे. पण यात स्वारावर केवढी जबाबदारी येते पाहा. घोड्याने ऐकले हे स्वाराच्या लक्षात आले पाहिजे, तेही त्याच क्षणी, आणि मग हातात आलेली सत्ता त्याने आपण होऊन सोडली पाहिजे. ऐकणाऱ्याला लगेच मोकळे करावे, ही अपेक्षा कोणत्या वडीलधाऱ्याकडून, कोणत्या मुख्याध्यापकाकडून, कोणत्या साहेबाकडून आपण कधी केली आहे? घोड्याच्या बाबतीतच ती का करावी?

विरोधक प्राचीनांचाही आधार घेतात. अथेन्सचा झेनोफन स्वतः घोडदळात लढलेला होता. सुमारे २३५० वर्षांपूर्वी त्याने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. घोड्याने मान डौलाने उचलली की हात लगेच सैल करावा, आणि जे जबरदस्तीने करवून घेतले जाते ते घोड्याला समजतही नाही आणि सुंदरही दिसत नाही, असे त्याचे मत. फ्रान्समध्ये गेरिनिएर याने १७३३ च्या आपल्या ग्रंथात हात खाली सोडून घोड्याला मोकळे करण्याची कृती वर्णन केली, आणि शिक्षण पक्के झालेला घोडा तेव्हाही तसाच तोलात चालतो हे सांगितले. म्हणजे ज्यांचे प्राण घोड्यावर अवलंबून होते आणि ज्यांनी आयुष्य घोड्यांतच घालवले, त्या दोघांचे या बाबतीत एकमत आहे. आपले प्राण घोड्यावर अवलंबून नाहीत आणि आयुष्यही आपण घोड्यांत घालवलेले नाही. त्यामुळे आपले मत निःपक्षपाती धरायला हरकत नाही.

आपल्याकडच्या रसिकतेचाही विचार व्हावा. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि देशभरातून उत्तम जनावरे येतात. घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहतो, कारण दातांवरून वय कळते. त्याच तोंडात दोन बोटे मागे, ओठांच्या कोपऱ्यात आणि दाढांपुढच्या हिरडीवर पाहिले, तर आधीच्या मालकाचा हात कसा होता तेही कळते. जुनी जखम, घट्टा पडलेली कातडी, सुजलेली कड, सगळे तिथे नोंदलेले असते. दातांपाशी नजर थांबवणे सौजन्याचे ठरते, कारण विकणारा समोरच उभा असतो. आणि तोंडाला फेस, डोळ्यांत पांढरे, मान आभाळाकडे, अशा अवस्थेत जागच्या जागी थयथयणाऱ्या घोड्याला तेजदार म्हणण्याची आपली पद्धत आहे. वेदनेला तेज म्हणता येते हे एकदा शिकले, की बाकीचे सौंदर्यशास्त्र सोपे जाते.

घट्ट मुठीला जागतिक मान्यता नाही, असा कोणाचा समज असेल तर त्याने २०२१ चे टोकिओ ऑलिम्पिक आठवावे. मॉडर्न पेंटॅथलॉन या खेळात स्वाराला अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळे आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला २० मिनिटे मिळत. महिलांच्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या खेळाडूचा घोडा मैदानात हटून बसला. लगाम ओढून झाला, चाबूक झाला, टाचा झाल्या. प्रशिक्षिकेने कुंपणापलीकडून मारायला सांगितले आणि स्वतःही घोड्याला ठोसा लगावला. घोडा अधिकच बिथरला आणि पदक गेले. त्यानंतर खेळाच्या चालकांनी विचारपूर्वक निर्णय घेतला. १९१२ पासून या खेळात असलेली घोडेस्वारी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर वगळण्यात आली आणि तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. ११२ वर्षांत स्वारांचे हात बदलले नाहीत, तेव्हा घोडा बदलला, म्हणजे काढूनच टाकला. अडथळ्याच्या भिंतीला तोंड नसते. तिच्याशी कसेही वागले तरी ती कॅमेऱ्यासमोर हटून बसत नाही.

विरुद्ध बाजूचे उदाहरण लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आले. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा, असा तो संघ होता. या खेळात घोडा तिरपा चालतो, जागीच गिरकी घेतो, चाल बदलतो, आणि हे सगळे स्वाराचा हात जवळजवळ न हलता होते. हात दिसला, घोड्याने तोंड उघडले, मान आखडली, तर गुण जातात. इतक्या दूर जाऊन, अनेक वर्षे परदेशात घाम गाळून या चौघांनी जे मिळवले, त्यात हातांचे कर्तृत्व प्रेक्षकांना दिसलेच नाही. वरातीत घोडा नाचवणाऱ्याचे हात मात्र शंभर पावलांवरूनही दिसतात. कष्ट दिसले पाहिजेत, असे मानणाऱ्या समाजाला कोणता स्वार जवळचा वाटावा हे सांगायला नको.

शेवटी, हलका हात शिकायचा म्हणजे नेमके काय करायचे, तेही नागरिकांपुढे ठेवतो, म्हणजे धोक्याचा अंदाज येईल. अंगठे वर ठेवायचे, मूठ मिटलेली पण न आवळलेली ठेवायची. कोपर बरगडीपाशी सैल सोडायचे, आणि कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत एक सरळ रेष राहील असे पाहायचे. कदम चालीत घोडा प्रत्येक पावलागणिक मान पुढेमागे हलवतो, तेव्हा कोपर उघडत आणि मिटत हात त्याच्याबरोबर जाऊ द्यायचा, नाहीतर प्रत्येक पावलाला त्याचे तोंड लोखंडावर आपटते. थांबवायचे असेल तर आधी आपला श्वास सोडायचा, कंबर थांबवायची, आणि लगाम सर्वांत शेवटी वापरायचा. वळवायचे असेल तर आधी नजर आणि खांदे वळवायचे. तोल बैठकीत आणायचा, म्हणजे हात रिकामे होतात. आणि मूठ पुन्हा आवळली गेली की स्वतःला विचारायचे, आत्ता मी कशाला भ्यालो?

या सगळ्यात हाच प्रश्न सर्वांत घातक आहे. मूठ आवळते ती बहुतेक वेळा भीतीने. आधी श्वास अडकतो, मग खांदे वर चढतात, मांड्या आवळतात आणि त्यामागून बोटे. पाठीवरच्या माणसाचे अंग ताठ झाले हे घोड्याला लगेच कळते. कळपात राहणाऱ्या आणि पळून वाचणाऱ्या प्राण्याला त्याचा एकच अर्थ लागतो, की जवळपास धोका आहे. तो बिचकतो. तो बिचकला की आपण आणखी ओढतो, आणि ज्या धोक्याला तो भ्याला तो खरोखरच त्याच्या तोंडात येतो. घट्ट मुठीच्या पद्धतीत हे सगळे एका शब्दात मिटते, घोडा मुजोर आहे. हलक्या हाताच्या पद्धतीत मात्र स्वाराला रोज स्वतःपासून सुरुवात करावी लागते. एवढा मोठा सामाजिक बदल कोणाशी चर्चा न करता घडवून आणणे योग्य आहे काय?

म्हणून सर्व सुज्ञ नागरिकांना एकच विनंती आहे. हलक्या हाताचे लोक एक साधी कसोटी सुचवतात. घोडा चालत असताना दोन्ही हात पुढे न्यायचे, चार पावले लगाम पूर्ण सैल सोडायचा, आणि काय होते ते पाहायचे. घोडा त्याच गतीने, त्याच तोलात, त्याच वाटेने चालत राहिला तर आजवर आपण ओढत होतो त्याची गरजच नव्हती हे सिद्ध होईल. आणि तो उधळला, तर जिथून सुटण्याची तो इतकी वाट पाहत होता ती जागा आपण त्याच्या तोंडात निर्माण केली होती हे सिद्ध होईल. दोन्ही निकाल आपल्याविरुद्ध जातात. तेव्हा ही कसोटी कोणीही, कोणत्याही परिस्थितीत, घेऊ नये.